चार पेन्स नव्हते म्हणून

(गांवच्या शाळेंत रात्रीं जमलेल्या मंडळींपुढें केलेलें भाषण)



मागल्या आठवड्यांत वरच्या वर्गांतल्या एका मुलानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, तो लंडनचा रिपर शेवटीं सांपडला काय हो?" आम्ही म्हणालों, "नाहीं सांपडला. बरें, त्याच्या नांवावर पांच बायकांचे खून घालतात, त्यांतल्या पहिलीचें नांव काय?" पोरगा गप्प. सारा वर्ग गप्प. खुन्याचें टोपणनांव समुद्र ओलांडून आमच्या खेड्यापर्यंत आलें आणि मेलीचें नांव मात्र वाटेंतच राहिलें! म्हणून आज ही हकीकत सांगावयास उभे आहों. खुनी कोण हें आम्ही सांगणार नाहीं. तें कोणासच ठाऊक नाहीं. मेली ती कोण होती, तेवढें सांगतों.

तिचें नांव मेरी ॲन निकोल्स. जन्म १८४५ सालचा, लंडन शहरांतलाच. बाप एडवर्ड वॉकर हा कुलपें करी, पुढें लोहारकाम करूं लागला. म्हणजे आपल्या भाषेंत लोहाराची लेक. १८६४ सालीं अठराव्या वर्षीं तिचें लग्न झालें. नवरा छापखान्यांत यंत्रावर काम करणारा. पांच मुलें झालीं. पुढें घरांत भांडण पेटलें. नवरा म्हणे, ही दारू पिते; बाप म्हणे, जांवयानेंच बाळंतपणाला आलेल्या बाईशीं सूत जमविलें. खरें कोणाचें हें आपण येथें बसून कशाला ठरवावें? १८८० च्या सुमारास दोघें वेगळीं झालीं. नवरा आठवड्याला पांच शिलिंग देत असे, तेही १८८२ सालीं बंद केले. ही दुसऱ्याबरोबर राहते, असें कारण त्यानें दाखविलें.

मग तिला उरलें काय? सरकारी अनाथगृह. तिकडे त्यास काम-घर म्हणत. १८३४ च्या कायद्यानें गरिबाला मदत हवी तर त्यानें या घरांत जावें अशी रीत घालून दिली, आणि आंतली राहणी मुद्दामच अशी ठेवली, कीं उपाशी माणसासही तेथें जाण्याची लाज व धास्ती वाटावी. आंत गेल्याबरोबर नवरा एकीकडे, बायको एकीकडे, मुलें तिसरीकडे. एका रात्रीपुरतें आलेल्यानें खडी फोडावी, बायकांनीं जहाजाचे जुने डांबरी दोर सोडवून त्यांचे धागे काढावे. बोटें सोलून निघत. दान द्यावयाचें, पण घेणाऱ्याची मान खालीं जाईल असें द्यावयाचें, ही विद्या आपल्याकडे निराळ्या नांवानें चालत आली आहे, म्हणून तुम्हांस फार समजावून सांगण्याची गरज नाहीं.

१८८८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिला एका देवभोळ्या, दारू न शिवणाऱ्या घरांत मोलकरणीचें काम मिळालें. जागा चांगली आहे असें तिनें बापास पत्रानें कळविलें. दोन महिन्यांनीं तेथूनच साडेतीन पौंडांचे कपडे घेऊन ती निघून गेली. चोरी ती चोरीच. आम्ही तिला देव्हाऱ्यांत बसवावयास आलों नाहीं. तेथून ती व्हाइटचॅपेलला आली.

व्हाइटचॅपेल म्हणजे लंडनच्या पूर्व अंगाची गरीब वस्ती. गोदीचे हमाल, शिंपी, चांभार, खाटीक, आणि १८८१ नंतर रशियांतील जुलमाला भिऊन पळून आलेले ज्यू लोक, अशी सारी दाटी. पोलिसांनींच १८८८ सालीं मोजदाद केली, तेव्हां त्या भागांत भाड्यानें बिछाना देणारीं २३३ घरें व त्यांत ८,५३० माणसें भरलीं. एका बिछान्याचें रात्रीचें भाडें चार पेन्स. आतां हिशेब करा. त्याच सालीं जवळच्या बो येथील काड्यापेटीच्या कारखान्यांत मुलींचा मोठा संप झाला. ॲनी बेझंट यांनीं त्या मुलींची हकीकत छापली, तींत सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला चार शिलिंग मिळत असें दिलें आहे. (ह्याच बेझंटबाई १८९३ सालीं हिंदुस्थानांत आल्या, तो इतिहास निराळा.) चार शिलिंग म्हणजे ४८ पेन्स. सात रात्रींच्या बिछान्याचे त्यांतून २८ गेले. उरलेल्या विसांत खावें, नेसावें आणि आजारीही पडावें! आणि हें नियमित काम असलेल्या मुलीचें झालें.

३० ऑगस्ट १८८८ ची रात्र. मध्यरात्र उलटल्यावर थ्रॉल स्ट्रीटवरील अशाच एका घरांतून कारभाऱ्यानें मेरी ॲनला बाहेर काढलें, कारण तिच्याजवळ चार पेन्स नव्हते. ती हंसत म्हणाली, माझा बिछाना राखून ठेवा, आतां पैसे आणतें. आणि डोक्यावरची नवी टोपी दाखविली. अडीचच्या सुमारास तिची ओळखीची बाई एलन हॉलंड तिला कोपऱ्यावर भेटली. गोदीला मोठी आग लागली होती, ती बघून ही परत चालली होती. "घरीं चल," म्हणून तिनें आग्रह केला. मेरी ॲन झिंगलेली होती. बिछान्याचे पैसे आज तीनदां मिळविले व तीनदां घालविले असें सांगून ती भिंतीच्या आधारानें निघून गेली.

पावणेचारच्या सुमारास चार्ल्स क्रॉस नांवाचा गाडीवाला कामावर चालला होता. बक्स रो नांवाच्या अंधाऱ्या गल्लींत एका तबेल्याच्या फाटकाशीं कांहीं पडलेलें दिसलें. त्याला आधीं ताडपत्री वाटली. मागून दुसरा गाडीवाला रॉबर्ट पॉल आला. दोघांनीं हात लावून पाहिला. एकाला वाटलें मेली, दुसऱ्याला वाटलें अजून श्वास आहे. तिचे वर गेलेले कपडे त्यांनीं खालीं ओढले आणि पुढें पोलीस भेटला त्यास सांगून ते कामावर गेले. उशीर झाला होता. पुष्कळांनीं त्यांस नांवें ठेविलीं आहेत. आम्ही ठेवीत नाहीं. उशिरा जाणाऱ्या मजुराला मुकादम काय म्हणतो हें नांवें ठेवणाऱ्यांस ठाऊक नसावें. तेवढ्यांत गस्तीचा शिपाई नील कंदील घेऊन आला, तेव्हां गळा चिरलेला दिसला. अर्ध्या तासापूर्वीं तो तेथूनच गेला होता व जागा मोकळी होती. शेजारच्या घरांत झोंपलेल्या बाईस कांहीं ऐकूं आलें नाहीं. त्याच गल्लींत मुलांची शाळा होती, हें आम्हां मास्तराला विसरतां येत नाहीं.

मुडदा नेला तोही काम-घराच्या शवगृहांत. तेथल्या दोघां आश्रितांनीं डॉक्टर नीट तपासण्याच्या आंतच कपडे काढून अंग धुतलें, आणि पुराव्याचें जें व्हावयाचें तें झालें. जवळ निघालें तें एवढेंच: एक फणी, एक पांढरा रुमाल, आरशाचा एक तुकडा. परकरावर लॅम्बेथच्या काम-घराचा शिक्का होता, त्यावरून ओळख पटली.

पंचांपुढें चौकशी झाली. पंचांच्या मुख्यानें भर सभेंत सांगितलें, कीं याआधीं जॉर्ज यार्डांत बाईचा खून झाला तेव्हांच सरकारनें बक्षीस लावलें असतें तर हे पुढचे खून बहुधा टळले असते. श्रीमंत मेला असता तर लावलें असतें, गरिबांनाही आत्मा आहे. कॉरोनर वाइन बॅक्स्टर म्हणाले, बक्षीस न लावण्याचा नियम गरीब-श्रीमंत सर्वांस सारखाच. तेव्हां त्या मुख्यानें स्वतःच्या खिशांतून पंचवीस पौंड देऊं केले. गृहमंत्री मॅथ्यूज यांनीं अखेरपर्यंत सरकारी बक्षीस लावलें नाहीं. पंचांचा निर्णय झाला: खून, करणारा अज्ञात.

आतां चांभाराची गोष्ट. कोणी चामड्याचा अंगपट्टा घालणारा इसम बायकांना धमकावून पैसे उकळतो, अशी बोलवा उठली, आणि वर्तमानपत्रांनीं ती फुगविली. चामड्याचा अंगपट्टा! त्या वस्तींत निम्मे कारागीर तोच घालीत. ८ सप्टेंबरला हॅन्बरी स्ट्रीटवर ॲनी चॅपमनचा खून झाला, तेथें नळाजवळ ओला अंगपट्टा सांपडला. तो निघाला त्याच घरांतल्या बाईच्या मुलाचा, आईनें धुऊन ठेविलेला. तरीही जॉन पाइझर नांवाच्या ज्यू चांभाराला १० तारखेस धरलें. तो चार दिवस घरांत लपून बसला होता. कां, तर बाहेर दिसतां तर लोकांनीं फाडून खाल्लें असतें, असें त्यानेंच सांगितलें. मेरी ॲनच्या रात्रीं तो दूर होलोवेला होता आणि गोदीच्या त्याच आगीचा उजेड पाहत एका पोलिसाशीं बोलला होता. सुटला बिचारा. ती आग नसती, तो पोलीस भेटला नसता, तर त्याचें काय झालें असतें? गुन्हेगार हुडकतांना बोट आधीं कोणत्या आळीकडे जातें, हें बघत चला. ३० सप्टेंबरच्या रात्रीं दोन खून झाल्यावर ज्यूंविषयीं कांहीं खडूनें भिंतीवर लिहिलेलें सांपडलें, तेव्हां दंगा होईल म्हणून कमिशनर वॉरन यांनीं तें पहांटेच पुसून टाकविलें. पुरावा पुसला म्हणून त्यांस शिव्या बसल्या, पण वस्ती जळाली नाहीं.

'रिपर' हें नांव आलें तें एका पत्रांतून. वृत्तसंस्थेकडे सप्टेंबरअखेर आलेलें तें पत्र कोणा वर्तमानपत्रवाल्याचीच करामत असावी, असें मोठमोठ्या पोलीस अधिकाऱ्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. ९ नोव्हेंबरच्या मेरी जेन केलीनंतर हे खून थांबले असें बहुतेक धरतात. तेव्हांपासून डॉक्टर, वकील, राजपुत्र, कोणाकोणाचीं नांवें घेऊन पुस्तकें निघालीं. मेलेल्या बायकांस मात्र एका शब्दांत वेश्या म्हणून मोकळे झाले. हॅली रूबेनहोल्ड या लेखिकेनें २०१९ सालीं त्या पांचजणींचीं चरित्रें लिहिलीं, आणि मेरी ॲनसह तिघींविषयीं तसा पुरावाच नाहीं असें मांडलें. यावर वाद चालूच आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं पुरावा असता तरी चार पेन्सांचा हिशेब बदलत नव्हता.

बक्स रो या गल्लीचें नांव १८९२ सालीं बदलून टाकलें. आजही संध्याकाळीं त्या भागांत पैसे घेऊन प्रवाशांना खुनाच्या जागा दाखवीत हिंडवितात. मेरी ॲनला ६ सप्टेंबर १८८८ रोजीं शहराच्या दफनभूमींत सार्वजनिक खड्ड्यांत पुरलें होतें. तेथें तिच्या नांवाची पाटी बसली ती १९९६ सालीं. त्या मुलास उद्यां आम्ही एवढें नांव फळ्यावर लिहून देणार आहों.