पांच मिनिटांची परीक्षा
(महोत्सवानिमित्त युवकांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ह्या प्रसंगीं युवकांपुढें चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां विषय शोधण्यास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील कितीएक मुलेंमुली आज अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांत शिकत आहेत, आणि दरवर्षीं त्यांपैकीं कोणी ना कोणी येऊन विचारतें, "सर, तंत्रज्ञानाच्या उद्योगाची कल्पना मांडण्याची स्पर्धा आहे, नांव देऊं काय?" पांचसात मिनिटांत आपली योजना परीक्षकांपुढें मांडावयाची आणि मग त्यांच्या प्रश्नांस उत्तरें द्यावयाचीं, असा हा प्रकार असून मुलें त्यास 'पिच' म्हणतात. नांव जरूर द्या, असेंच आम्ही सांगत आलों. परंतु कशासाठीं द्यावें, ह्याविषयींचें आमचें मत अलीकडे पार बदललें आहे. तें कां बदललें, तेंच आज सांगावयाचें आहे.

अशा स्पर्धांची चाल अमेरिकेंत पडली. टेक्सास विद्यापीठांत १९८४ सालीं एक स्पर्धा निघाली, आणि १९९० सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेंत विद्यार्थ्यांनींच दुसरी काढली. तिचें बक्षीस प्रथम १०,००० डॉलर होतें, तें १९९६ सालीं ५०,००० झालें व २००६ सालीं एक लाखावर गेलें. ह्या दुसऱ्या स्पर्धेच्या १९९८ सालच्या खेपेची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

त्या काळीं संगणकांच्या महाजालावर लोकांची गर्दी फार वाढली होती. एखादी लोकप्रिय माहिती एकाच संगणकावर ठेवलेली असे, आणि लाखों लोक तिच्यासाठीं एकदम धांवले म्हणजे तो संगणक गुदमरून जाई. उन्हाळ्यांत सारा गांव एकाच विहिरीवर लोटावा, तशी ती गत! वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९९५ च्या सुमारास ही अडचण आपल्या संस्थेंतील विद्वानांपुढें मांडली. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन व त्यांचा विद्यार्थी डॅनियल ल्यूइन ह्यांनीं तिच्यावर तोड काढली. माहितीच्या प्रती ठिकठिकाणच्या संगणकांवर ठेवाव्या, मागणाऱ्यास जवळची प्रत मिळावी, आणि कोणती प्रत कोठें ठेवावयाची तें गणितानें ठरावें; म्हणजे वाडीवाडीस विहीर असावी आणि कोणी कोठें जावें हें भांडणावांचून ठरावें. ल्यूइन हा तेव्हां बायकामुलांचा संसार सांभाळून शिकत होता. ही कल्पना घेऊन मंडळी स्पर्धेंत उतरली, शेवटच्या फेरीपर्यंत पोहोंचली, आणि हरली!

परंतु स्पर्धेसाठीं योजना लिहितांना, तिचा ग्राहक कोण, तो पैसे कां देईल, खर्च किती, हें सर्व त्यांस कागदावर उतरवावें लागलें होतें, आणि तो कागद त्यांचे हातीं राहिला. त्याच वर्षीं त्यांनीं 'अकामाई' ही कंपनी स्थापिली. हवाईच्या भाषेंतील ह्या शब्दाचा अर्थ हुषार असा आहे. पुढच्याच वर्षीं तिचे भाग बाजारांत विक्रीस आले. ल्यूइनला मात्र हें वैभव फार दिवस पाहतां आलें नाहीं. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यू यॉर्कच्या मनोऱ्यावर जें पहिलें विमान आदळविण्यांत आलें, त्यांत तो होता. त्या वेळीं त्याचें वय अवघें ३१ वर्षांचें होतें.

आतां घरची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीं आपल्यांतीलच दोन मुलगे व एक मुलगी आमच्याकडे आलीं. वसईच्या सुकेळ्यांसाठीं त्यांनीं एक पेटी तयार केली होती. तिला कांचेचें झांकण होतें, आंत हवेंतील ओल मोजणारा सेन्सर होता, आणि राजेळी केळीं पुरेशीं सुकलीं म्हणजे मोबाइलवर निरोप येई. आम्ही हरखून गेलों. महिनाभर आम्हीं त्यांची तयारी करून घेतली. हातांत घड्याळ घेऊन पांच मिनिटांचें भाषण घोटून घेतलें, चित्रांचे रंग बदलविले, उभें कसें राहावें तें शिकविलें. मुलीच्या वडिलांनीं तिला एवढ्या एका वर्षाची सवड दिली होती. त्यानंतर तिनें बँकेच्या परीक्षेस बसावें असें ठरलें होतें. बक्षीस मिळालें तर कदाचित् त्यांचें मन वळेल, ही आशा तिघांसही होती व आम्हांसही.

भाषण उत्तम झालें. मग परीक्षकांपैकीं एक बाई शांतपणें म्हणाल्या, "हें यंत्र ज्यांच्यासाठीं आहे, अशा किती जणांशीं तुम्ही बोललां?" मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. खरें उत्तर 'एक' असें होतें, आणि ती एक म्हणजे मुलीची सख्खी मावशी! तिनें पेटीचें कौतुक केलें होतें, कारण ती मावशी होती.

निकाल काय लागला तें सांगावयास नको. दोष आमचाच होता. भाषणाच्या चाळीस तालमी घेतल्या, परंतु एका घराची पायरी चढण्यास आम्हीं त्यांना धाडलें नाहीं. वर आणखी एक घोटाळा झाला. पेटी ज्यानें आपल्या हातांनीं जुळविली, त्याचें नांव व्यासपीठावर घ्यावयाचें राहून गेलें. नाताळापासून ईस्टरपर्यंत ते दोघे जिवलग मित्र एकमेकांशीं बोलले नाहींत. बक्षीस गेल्याचें दुःख आठवड्यांत ओसरलें, पण हें दुःख चार महिने टिकलें. कोणाचा वांटा किती आणि बोलावयाचें कोणीं, हें आरंभींच कागदावर लिहून सह्या केल्या असत्या तर हें टळलें असतें. 'आम्ही मित्र आहों, कागद कशाला?' असें म्हणणाऱ्यांस तर तो आधीं लागतो!

कायद्याचीही एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणें, अर्ज करण्यापूर्वीं नवा शोध चारचौघांत उघड केला तर त्याचें नावीन्य नष्ट होऊं शकतें. तेव्हां यंत्र खरोखर नवें असेल तर सभेपुढें जाण्याआधीं तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करावा. पुरा तपशील देण्यास १२ महिने मिळतात. धंद्याच्या नुसत्या पद्धतीस मात्र पेटंट मिळत नाहीं.

ईस्टरनंतर आम्ही त्या तिघांस घेऊन सुकेळीं करणाऱ्या एका वृद्ध बाईंकडे गेलों. त्यांनीं पेटी उलटसुलट करून पाहिली, कांच पुसली, आणि म्हणाल्या, "बाळांनो, सुकलें कीं नाहीं तें माझ्या बोटांस कळतें. पण राजेळी केळीं कोठें मिळतील, तें तुमची ही पेटी सांगेल काय?" त्या दिवशीं आम्ही सहा घरें हिंडलों. पांच घरीं हेंच गाऱ्हाणें ऐकावयास मिळालें. सुकविण्याची अडचण कोणासच नव्हती, आणि ज्याची अडचण होती त्याचा विचार आमच्यांपैकीं एकानेंही केला नव्हता.

केंद्र सरकारनें २०१७ सालीं 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' म्हणून स्पर्धा सुरू केली. तींत निरनिराळीं खातीं आपापल्या अडचणी विद्यार्थ्यांपुढें ठेवतात व उत्तर मागतात. ही रीत आम्हांस बरी वाटते, कारण तेथें प्रश्न दुसऱ्याचा असतो. बाकीच्या स्पर्धांत तो आपणच शोधावा लागतो, आणि घरीं बसून शोधलेला प्रश्न बहुधा आपल्याच सोयीचा निघतो.

मुलगी बँकेच्या परीक्षेस बसली, उत्तीर्ण झाली, व सध्यां नोकरींत आहे. परंतु दर रविवारीं दुपारीं तिघें पुन्हां एकत्र जमतात. राजेळीच्या बागा कोणाकडे उरल्या आहेत, घड केव्हां उतरणार, आणि तो कोणास हवा, ह्याची नोंद त्यांनीं चालविली आहे. प्रथम ती साध्या वहींतच केली. यंत्राचें नंतर पाहूं, असें तीं म्हणतात. ह्या वर्षीं तीं पुन्हां स्पर्धेस नांव देणार आहेत. अर्ज भरून झाला आहे. त्यावर तिन्ही नांवें आहेत, आणि वांट्यांचा कागद, तिघांच्या सह्यांसह, आमच्याकडे ठेवावयास दिला आहे.