कोवळे ऊन, निळा दिवा आणि नवजाताची कावीळ
(व्याख्यानाचे शब्दांकन)



‘प्रकाश आणि वैद्यक’ हा आजचा विषय एवढा विस्तीर्ण आहे की, नेत्रशस्त्रक्रियेच्या लेसरपासून कर्करोगाच्या निदानापर्यंत सारे काही त्यात मावेल. मी त्यातला एकच कोपरा घेणार आहे, कारण तो आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे. बाळ जन्माला येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर पिवळी झाक दिसू लागते आणि घरातील ज्येष्ठ मंडळी सांगतात, ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल.’ या एका वाक्यात विज्ञान किती आणि धोका किती, हे आज पाहायचे आहे.

प्रथम पिवळेपणाविषयी. रक्तातील तांबड्या पेशी आयुष्य संपले की मोडतात आणि त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला दुसऱ्या एका पदार्थाची जोड देऊन विद्राव्य करते आणि मग ते पित्तावाटे बाहेर पडते. नवजात बाळाच्या यकृताला हे काम अद्याप नीट साधलेले नसते. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के, तर अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची ती आपोआप उतरते, आणि घरगुती सल्ल्याची कीर्ती टिकून राहते ती त्यामुळेच! परंतु काही थोड्या बाळांत हे द्रव्य मर्यादेपलीकडे वाढते, मेंदूत शिरते आणि बहिरेपण, हालचालींचे कायमचे व्यंग, प्रसंगी मृत्यू ओढवतो. मेंदूची ही हानी भरून येत नाही.

आता १९५६ सालच्या इंग्लंडमध्ये चला. एसेक्स परगण्यातील रॉचफर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर जीन वॉर्ड सांभाळीत असत. मोकळी हवा आणि ऊन यांवर या बाईंची मोठी श्रद्धा. हवा चांगली असली की त्या बाळांना बाहेर अंगणात नेत. एके दिवशी फेरीवर आलेल्या डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडे करून दाखविले. अंगाचा पिवळेपणा फिका झालेला, पण एक त्रिकोणी तुकडा मात्र गडद पिवळा. प्रमुख डॉक्टर डॉब्स यांना वाटले, सिस्टरांनी कसले तरी औषध फासले असावे. वस्तुस्थिती उलटी होती. त्रिकोण हीच मूळची कावीळ होती. तेवढ्या भागावर चादरीचे टोक आले होते आणि उरलेल्या अंगावरचा पिवळेपणा उन्हाने ओसरला होता.

गोष्ट कदाचित तेथेच विरली असती. पण काही आठवड्यांनी काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहून गेली आणि तपासणीत बिलिरुबिन अपेक्षेहून पुष्कळच कमी भरले. तेव्हा क्रेमर, पेरिमन आणि रिचर्ड्स या तिघांनी प्रकाशाचा परिणाम पद्धतशीरपणे मोजला, निळ्या नळ्यांचा पाळणा बनविला आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर गंभीर काविळीवर बाळाचे रक्तच बदलावे लागे. सिस्टर वॉर्ड यांचे नाव त्या निबंधाच्या लेखकांत नाही, याची मला आजही चुटपुट वाटते.

प्रकाश नेमके करतो काय? मी कला शाखेचा पदवीधर, तेव्हा साध्या भाषेत सांगतो. बिलिरुबिनचा रेणू हात घट्ट दुमडून बसलेला असतो. त्याचे पाण्याशी सख्य करणारे भाग त्या घडीच्या आत दडलेले असतात. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्याच्यावर पडला की त्याची घडी मोडते, ते भाग उघडे पडतात आणि यकृताच्या जोडकामाविना तो पित्तातून, काही अंशी लघवीतून बाहेर पडू शकतो. म्हणजे प्रकाश येथे काही जाळीत नाही, रेणूचा आकार पालटतो. या दिव्यांना पुष्कळजण ‘अतिनील किरणांचे दिवे’ म्हणतात, ते साफ चूक आहे. अतिनील किरणांची येथे गरज नाही, उलट ते टाळायचे असतात. आज या दिव्यांत निळ्या एलईडी असतात. त्यांच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले.

मग ऊन का नको? उन्हात निळा प्रकाश आहेच. सिस्टर वॉर्ड यांचे निरीक्षण खरे होते आणि आपल्या आज्यांचेही निराधार नव्हते. पण सकाळच्या दहा मिनिटांत बाळाला किती मात्रा मिळाली, हे कोण सांगणार? उघडे बाळ गारठते, ऊन तापले की भाजते. नायजेरियातील लागोसच्या संशोधकांनी उन्हालाच औषधाची शिस्त लावली. अतिनील व उष्ण किरण गाळून निळा प्रकाश आत सोडणाऱ्या पडद्यांचे मांडव त्यांनी उभारले आणि बाळांवर सतत देखरेख ठेवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत गाळलेले ऊन ९३ टक्के उपचार-दिवसांत प्रभावी ठरले, नेहमीचे दिवे ९० टक्के. वीज बेभरवशाची असलेल्या प्रदेशात ही मोठीच गोष्ट! परंतु हे ऊन मोजलेले होते. आणि मात्रेचा हा नियम दिव्यांनाही लागू आहे. जुनी नळी डोळ्यांना निळी दिसत राहते, तिची उपयुक्त तीव्रता मात्र केव्हाच घटलेली असते. ती मापकानेच कळते.

डोळ्यांवर विसंबण्याची दुसरी अडचण आपल्या वर्णाची. सावळ्या त्वचेवर कावीळ उशिरा आणि अंदाजानेच कळते. शिवाय दिव्याखालच्या बाळाची त्वचा आधी उजळते आणि रक्तातले प्रमाण मागे राहते. कपाळावर किंवा छातीवर प्रकाशाची झोत टाकून परतलेल्या किरणांवरून बिलिरुबिनचा अंदाज देणारे उपकरण जपानमध्ये यामानौची आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडले. सुई न टोचता चाळणी होते, हा मोठा लाभ. तरी आकडा सीमेजवळ आला की रक्ततपासणी करावीच लागते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरनेही हाच धडा दिला आहे. कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची घट त्यातून गोऱ्यांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा निसटत होती, हे २०२० मधील अमेरिकन अभ्यासात दिसले. प्रकाशाचे प्रत्येक उपकरण आपल्या त्वचेवर पारखून घेतले आहे काय, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

यापुढचे पाऊल निसर्गाकडून आले आहे, तेही एका माशाकडून. जपानी वाम, ज्याला तेथे ‘उनागी’ म्हणतात आणि आवडीने खातात, त्याच्या स्नायूंत हिरवी चमक असते. जपानच्या रिकेन संस्थेत कुमागाई, मियावाकी आणि सहकाऱ्यांनी त्यामागील प्रथिन २०१३ मध्ये ओळखले आणि त्याला ‘उनाजी’ हे नाव दिले. जेलीफिशमधील हिरवे चमकणारे प्रथिन, ज्यासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते आपला रंगकण स्वतःच घडविते. वामीच्या प्रथिनाचे तसे नाही. ते एकटे असताना निस्तेज असते आणि बिलिरुबिन येऊन बिलगले की निळ्या प्रकाशात हिरवे उजळते. तेही यकृताने जोड न दिलेले बिलिरुबिन, म्हणजे नवजातांत धोकादायक ठरते नेमके तेच! रक्ताच्या अल्पशा नमुन्यात हे प्रथिन मिसळायचे आणि चमक मोजायची, अशी तपासणी त्या संशोधकांनी करून दाखविली. आपल्या तालुक्याच्या प्रसूतिगृहात ती स्वस्तात पोहोचली, तर तिचे खरे चीज होईल.

तोपर्यंत घरी काय पाहायचे, तेवढे सांगून थांबतो. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीही साधी समजू नये. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त झाले, दूध ओढेनासे झाले किंवा कर्कश रडू लागले, तर उन्हाची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तेथे ‘रंग कसा वाटतो’ असे विचारू नये, ‘आकडा किती आला आणि बाळाच्या वयाच्या तासांप्रमाणे तो कोठे बसतो’ असे विचारावे. आकडा वयाच्या तासांवर ठरतो. २४ व्या तासाला जे प्रमाण चिंतेचे, ते पाचव्या दिवशी कदाचित सहज चालून जाणारे असते.