मागे धृपद धरणारे हवेत

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात केलेलं भाषण)

 

आम्हाला विषय दिलाय, 'दिंडी आणि तरुण पिढी'. या विषयावर पोरांची तक्रार करायची पद्धत आहे. आम्ही ती करणार नाही. पोरं दिंडीत येतात, बोरघाट चढून आळंदीपर्यंत चालतात, पाण्याचे पिंप उचलतात. पण चार माणसांत उभं राहून बोलत नाहीत. ती का बोलत नाहीत आणि आपण काय करू शकतो, एवढंच सांगायला उभे आहोत.

शंभर वर्षांपूर्वी दिंडी निघाली तेव्हा 'रसायनी' हे नावही नव्हतं. पाताळगंगेच्या काठी भाताची खाचरं होती. मोहोपाडा, वासांबे, चांभार्ली, रीस, कांबे ही गावं होती. पुढे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना आला, वसाहत झाली, घराघरात पगार आला. 2017 साली केंद्र सरकारने इथला कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. आजचा पोरगा ठेकेदाराकडे, पनवेलला, नवी मुंबईला काम शोधतो. आयटीआय केलेला असतो, मशीन खोलून परत जोडतो. पण टेबलापलीकडच्या साहेबाने 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की घसा कोरडा. घरात आगरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, कामावर हिंदी-इंग्रजी. तीन दारांना तीन भाषा, आणि पोरगं उंबऱ्यातच गप्प होतं. कातकरी वाडीवरच्या लेकराला तर याहून मोठा उंबरा ओलांडायचा असतो.

'घाबरू नकोस' म्हटल्याने भीती जात नाही, मंडळी. ती कशी जाते हे आपल्या संतांना ठाऊक होतं. कीर्तन बघा. कीर्तनकार एकटा कधी उभा नसतो. बाजूला पखवाज, मागे विणेकरी आणि टाळकरी. त्याने प्रमाणाचा पहिला शब्द उचलला की पुढचं टाळकरी पुरं करतात. श्वास अडला, ओळ विसरली, तरी धृपद चालू असतं. तेवढ्यात माणूस सावरतो. बोलण्याचं धैर्य असं मागून मिळतं.

दुसरी युक्ती नाथमहाराजांची. सोळाव्या शतकात त्यांनी भारुडात वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या उभे केले, गावकुसाबाहेरच्या माणसालाही बोलतं केलं. सोंग घेतलं की बोलणारा मोकळा होतो. लोक आपल्याकडे बघत नाहीत, वासुदेवाकडे बघतात, असं त्याला वाटतं. त्या आडोशाला उभं राहून आवाज बाहेर पडतो. एकदा बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत कोंडणं अवघड, बरं का!

आणि हे शिकवता येतं. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे गेलेली खेड्यापाड्यातली साधी पोरं पाठांतर करत, टाळ धरत, हजारोंपुढे उभी राहू लागली. जवळचं उदाहरण ठाण्याचं. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी 2014 साली समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्त्यांमधली मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटिका रचतात आणि स्वतः करतात. जाणकार मंडळी वाट दाखवतात, पण गोष्ट मुलांचीच राहते. मतकरी 2020 साली गेले, पण त्यांची ही शिकवण आपल्या कामाची आहे. पाठ करून दिलेलं भाषण मुलाला बक्षीस मिळवून देईल. स्वतःचं बोलणं त्याला उभं करतं.

आम्ही दिंडीतली चारपाच जणं दर शनिवारी संध्याकाळी देवळात पोरांना घेऊन बसतो. आधी टाळ घेऊन गोल, एकच चाल, सगळ्यांनी मिळून. मग भारुडातलं सोंग. शेवटी प्रत्येकाने स्वतःची पाच वाक्यं बोलायची, ज्या बोलीत येतील त्या बोलीत. नियम दोनच. कुणी हसायचं नाही आणि बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द ओढायचा नाही.

एक मुलगा बोलताना अडखळतो. वासुदेवाचं सोंग घेतलं, टाळाची लय मिळाली आणि पूर्ण पद न थांबता म्हणाला. स्वतःची वाक्यं बोलताना तो अजूनही अडखळतो, खोटं कशाला सांगा? पण आता वाक्य अर्ध्यावर टाकून खाली बसत नाही. एका मुलीने पाचव्या वाक्यात सांगितलं, 'मला बारावीनंतर शिकायचंय.' वडील टाळकऱ्यांत बसले होते. घरात वर्षभर अडलेलं वाक्य पांडुरंगासमोर निघालं. वडील तिथे काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात पनवेलला कॉलेजची चौकशी करून आले.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने दिंडीकडे तीन मागण्या करतो. पहिली, कार्तिकी वारीत प्रत्येक मुक्कामी हरिपाठानंतर अर्धा तास पोरांचा. त्यात मुलीही आल्या आणि वाडीवरची लेकरंही आली. दुसरी, पोरगं उभं राहील तेव्हा जुन्या टाळकऱ्यांनी मागे उभं राहावं, पुढे बसून चुका मोजू नयेत. तिसरी मागणी लहान वाटेल, पण सगळ्यात जड आहे. माईक वेळेवर सोडावा!

काही वडीलधारे विचारतील, अशाने परंपरा मोडेल का? माउली, शंभर वर्षं दिंडी चालली ती एकाने दुसऱ्याच्या गळ्यात वीणा दिली म्हणून. वारीत आपण वय बघत नाही, लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतो. पोराच्या पाया पडायला आपली पाठ वाकते, तर त्याचं म्हणणं ऐकायला अर्धा तास मांडी घालून बसायला काय हरकत आहे?

आज रात्रीच्या भारुडात आमची सात पोरं उभी राहणार आहेत. जेवणं आटोपली की कुणी घरी पळू नका. आपापले टाळ घेऊन या आणि त्यांच्या मागे उभे राहा.

रामकृष्ण हरी.