सरासरीच्या आडचा पावसाळा



 हवामानबदलावरची परिषद नागपूर सोडून इथे, वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावी कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. नागपूरला प्रादेशिक हवामान केंद्र आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, गार सभागृहे आहेत. सिंदीत यातले काही नाही. इथे आहेत काळी खोल वावरे, कपाशी-सोयाबीन-तुरीचा खरीप, पंचक्रोशीत नावाजलेला तान्हा पोळा आणि मुंबई-हावडा मार्गावरचे एक स्टेशन. त्या स्टेशनाचाही आजच्या विषयाशी संबंध लागतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, त्यामागे या मुलखाचा कापूस मुंबईच्या बंदरात नेण्याची निकड हे एक मोठे कारण होते. तो नेणारी इंजिने कोळशावर धावत, तो कातणाऱ्या इंग्लंडातल्या गिरण्या कोळशावर चालत, आणि त्या कोळशातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही अंश आजही आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे. तेव्हा हा विषय परदेशातून परस्पर आपल्या माथी मारला गेला, असे निदान सिंदीकरांनी तरी म्हणू नये.

मूळ विज्ञानावर फार वेळ घेत नाही. ते जुने आहे आणि त्यावरचा वाद संपलेला आहे. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे युनिस फूट यांनी १८५६ मध्ये आणि जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवले. तो वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडला. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ होते, आज ते ४२० च्या वर आहेत. ही भर जमिनीतल्या इंधनाची आहे हे त्या कार्बनच्या समस्थानिकांवरून कळते. तापण्याचे कारण सूर्य असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने उष्ण ठरले. भारताची वाढ जगापेक्षा कमी आहे, १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश. त्याचे एक कारण आपल्या हवेतली धूळ आणि धूर सूर्यप्रकाश अडवतात हे आहे. म्हणजे आपल्या छातीत जाणारे प्रदूषणच आपल्याला काही प्रमाणात गार ठेवते आहे. त्यात दिलासा मानण्यासारखे काही नाही.

मला जे सांगायचे आहे ते पावसाबद्दल आहे. आपल्याकडे पावसाचा विचार होतो तो हंगामाच्या बेरजेने: यंदा सरासरीच्या ९४ टक्के, यंदा १०६ टक्के. वर्तमानपत्रांचे मथळे त्यावर बेततात, धोरणेही त्यावरच बेततात. माझे म्हणणे असे की मध्य भारतातला हवामानबदल नेमका या बेरजेत दिसत नाही. तो तिच्या आड दडतो. २०२३ चा पावसाळा पाहा. देशाचा हंगामी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के पडला, म्हणजे कागदावर थोडीशी तूट. आत काय झाले? जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त. त्याच महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पुरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावी लागली. ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट; १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा १३ टक्के जास्त. २३ तारखेच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि अंबाझरीच्या खालच्या वस्त्या पाण्यात गेल्या. सोयाबीनवर त्या वर्षी पिवळा मोझॅक आणि मूळकूज आली. या तीन महिन्यांची बेरीज करून हंगाम जवळजवळ ठीक गेला असे म्हणणे गणिताने बरोबर आहे, पण वावरात उभ्या असलेल्या माणसाच्या ते काहीच कामाचे नाही.

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये हे मलाही मान्य आहे. म्हणून लांब पल्ल्याच्या नोंदींकडे वळू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातल्या मध्य भारताच्या दैनंदिन पावसाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. विदर्भ त्याच पट्ट्यात येतो. त्यांना आढळले असे: अतिमुसळधार दिवस वाढले, मध्यम पावसाचे दिवस घटले, आणि हंगामाच्या सरासरीत मात्र लक्षणीय बदल नाही. वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून सरासरी शांत दिसते. त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट अधिक अनियमित झाले हे त्यांनी दिलेले कारण. मुळाशी भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पडायची वेळ आली की पाऊस एकदम पडतो.

आता यावरचा सगळ्यात जुना आक्षेप. असे पूर्वीही होत होते, असे गावोगावी ऐकू येते, आणि ते खोटे नाही. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००, या मुलखाने सोसला. १९७२ तर राज्यभर कुणी विसरलेले नाही. वर्धा नदीने ३० जुलै १९९१ रोजी मोवाड गाव उद्ध्वस्त केले, दोनशेहून अधिक माणसे गेली. एल निनो तेव्हाही होता, आजही आहे. हवामानबदल या नैसर्गिक चढउतारांची जागा घेत नाही, तो त्यांच्या पायाखालची पातळी उचलतो. म्हणून एखाद्या पुराकडे बोट दाखवून हा हवामानबदलाचाच, असे म्हणणे घाईचे ठरेल. पण असे पूर किती वर्षांनी येतात, ते अंतर बदलले का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नोंदी देतात. याच न्यायाने आपल्या बाजूचा वाटणारा आकडाही तपासून घ्यावा लागतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासले तेव्हा संवेदक बिघडलेला निघाला. नागपूरचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. तो पुरेसा भयंकर आहे, त्याला खोट्या ५६ ची गरज नाही.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांच्या घरातूनच आलेला आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. मुंबईच्या आयआयटीतील सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की देशभरच्या अतिवृष्टीत सर्वत्र एकसारखी वाढ दिसत नाही. वाढलेली दिसते ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आढळणारी तफावत. वरवर हे गोस्वामींच्या निष्कर्षाला छेद देणारे वाटते. मला मात्र ते माझ्या मुद्द्याचे दुसरे अर्धे वाटते. बेरीज जशी दिवसांतला फरक झाकते, तशी मोठ्या प्रदेशाची सरासरी गावागावांतला फरक झाकते. आपल्या राज्यात महावेध प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली, साधारण दर महसूल मंडळाला एक. हे काम चांगले झाले. परंतु एका मंडळात पंधरा-वीस गावे असतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तरच अतिवृष्टी, हा निकष. आणि केंद्र ज्या गावात आहे तिथे ५८ नोंदले गेले, तर शिवेपलीकडच्या नाल्याने खरडून नेलेली जमीन पंचनाम्यात सिद्ध करत बसावे लागते. एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर येऊन ठेपली. तिथेही मोजले जाते ते मंडळाचे सरासरी उत्पादन. धोका सुटासुटा पडतो आणि भरपाई सरसकट मोजली जाते, हा आजच्या व्यवस्थेचा मूळ दोष आहे असे मी समजतो.

पिकाला सरासरी कळत नाही, हे कापसाइतके स्पष्ट कुठलेच पीक सांगत नाही. कोरड्या खंडात ताणलेल्या पऱ्हाटीवर अचानक मोठा पाऊस झाला आणि काळ्या जमिनीत पाणी तुंबले की हिरवे झाड दोन-तीन दिवसांत मान टाकते. कृषी शास्त्रज्ञ याला आकस्मिक मर म्हणतात. यात कीड नाही, बुरशी नाही. कारण आहे ते फक्त पावसाच्या वाटणीचे. शिवाय, २०२० मध्ये हवामान खात्याने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या तेव्हा मुंबईतून त्याच्या परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. पाऊस असा उशिरापर्यंत रेंगाळू लागला, की सोयाबीनची गंजी भिजते आणि फुटू लागलेली बोंडे सडतात. पेरणीच्या वेळी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. सल्ला योग्य आहे, पण तोही बेरजेचाच: हे शंभर मिलिमीटर एका रात्री पडले की आठ दिवसांत, आणि त्यानंतर किती दिवस उघाड राहणार, यावर दुबार पेरणी ठरते. रुंद वरंबा सरीवर घेतलेले सोयाबीन जास्तीचे पाणी सरीतून काढून देते आणि खंडात ओल धरते, म्हणजे दोन्ही टोकांना तोंड देते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने वर्ध्यासह पंधरा जिल्ह्यांत २०१८ पासून अशा पद्धतींना बळ दिले. हा प्रश्न शेताच्या बांधापलीकडेही आहे: सिंदीजवळ ड्रायपोर्ट उभारायचे ठरले आहे, सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्यांच्या भरावाखालच्या मोऱ्या कुठल्या काळातल्या पावसावर मोजल्या, हे इथल्या शेतकऱ्याने विचारले तर तो विकासाचा विरोधक ठरू नये.

उष्णतेबद्दल थोडक्यात. वैदर्भीय माणसाला उन्हाचे कौतुक सांगू नये, पण कमाल तापमानाचा आकडाही काही गोष्टी झाकतो. रात्र गार झाली नाही तर शरीराला उसंत मिळत नाही, आणि हवेत ओलावा असला तर ४० अंशही ४५ इतके जाचतात. मार्च २०२२ हा देशाच्या १२२ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि दाणे भरण्याच्या काळात गव्हाला त्याचा फटका बसला. उन्हाळी कामावर जाणाऱ्या मजुरांच्या वेळा या हिशोबाने ठरायला हव्यात.

हे सारे श्रीमंत देशांनी केले, आपण का भोगायचे, हा आक्षेप नैतिकदृष्ट्या भक्कम आहे. अमेरिकन माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतीयामागे सुमारे २ टन. पण भारतीय सरासरीही तशीच फसवी आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. राख आणि ऊन विदर्भाला, वीज साऱ्या राज्याला. कोरडवाहू कापूस पिकवणारे कुटुंब आणि शहरातले वातानुकूलित कुटुंब हे दोघेही त्या दोन टनांत एकत्र बसवलेले आहेत. जगाकडे न्याय मागताना राज्याच्या आतला हिशोबही मांडला पाहिजे. ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी संपणाऱ्या साठ्यावर उभ्या अर्थव्यवस्थेबद्दल १९४५ मध्येच पुस्तक लिहिले होते. जिल्ह्याने त्यांचे स्मरण ठेवले, हिशोब मात्र ठेवला नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो आज या मंडपात बसलेल्या अनेकांच्या मनात असेल: आमचे संकट हवामानाचे नाही, भावाचे आहे. यात मोठे तथ्य आहे. हमीभावाखाली विकलेल्या कापसाची सबब ढगांना देता येणार नाही, आणि हवामानबदल हे धोरणाच्या चुका झाकण्याचे निमित्त बनत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. परंतु दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. वाईट भावाचे वर्ष शेतकरी काढतो ते चांगल्या उत्पादनाच्या भरवशावर, आणि वाईट उत्पादनाचे वर्ष चांगल्या भावाच्या. पावसाची वाटणी बिघडली की उत्पादन वरचेवर पडते, म्हणजे या दोहोंतला एक आधार वारंवार निसटतो. दुबार पेरणीचे बियाणे, जादा फवारणी, भिजलेल्या मालाची कपात यांनी खर्चही वाढतो. भावाचा लढा लढणाऱ्यांना म्हणूनच दैनंदिन पावसाच्या नोंदी हव्या आहेत, उत्पादन खर्च मांडताना त्या पुराव्याला येतील.

अभ्यासकांना स्वागत समितीची विनंती एवढीच, की येत्या दोन दिवसांत आपण वर्धा जिल्ह्याचे जे आकडे मांडाल ते हंगामाचे न मांडता दिवसांचे मांडा, आणि जिल्ह्याचे न मांडता शक्य तितके मंडळाचे, गावाचे मांडा. किती दिवस पाऊस पडला, किती दिवस सलग उघाड राहिली, सर्वांत मोठा पाऊस किती तासांत झाला, हे तीन प्रश्न आमच्या शेतकऱ्यांनी विचारायचे ठरवले आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले असेल तर समितीच्या कार्यकर्त्यांना सांगावे. पिण्याचे पाणी मंडपाच्या दोन्ही बाजूंना आहे. पहिल्या सत्रासाठी मी परिषदाध्यक्षांना आमंत्रित करतो.