दुसरें स्वयंवर

नळ-दमयंतीची कथा ज्याच्या कानावर कधींच पडली नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. दमयंती ही विदर्भाची राजकन्या, म्हणजे शेजारच्याच मुलुखाची लेक. नांदेड जिल्ह्यांतील भोकरसारख्या गांवीं, जेथें एकाच बाजारांत मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषा ऐकूं येतात, तेथेंहि ही कथा परकी वाटत नाहीं. रघुनाथ पंडितानें आपल्या सुप्रसिद्ध आख्यानासाठीं या कथेंतील पहिलें स्वयंवर निवडलें, आणि तें स्वाभाविकच होतें. त्यांत शृंगार आहे, चातुर्य आहे, देवांची फजिती आहे. परंतु ऐकणाऱ्याचा कंठ दाटून येतो तो तेथें नव्हे. तो दाटून येतो दुसऱ्या स्वयंवराच्या वेळीं.

द्यूतांत राज्य गमावलेला नळ अरण्यांत निजलेल्या दमयंतीचें अर्धें वस्त्र तोडून घेतो आणि तिला तशीच टाकून निघून जातो. पुढें कर्कोटक नागाच्या दंशानें त्याचें रूप पालटतें आणि बाहुक या नांवानें तो अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. दमयंती नाना हाल सोसून पित्याच्या घरीं पोहोंचते. परंतु ती नुसती रडत बसत नाहीं. ब्राह्मणांकरवीं ती देशोदेशीं एक प्रश्न पाठविते: निजलेल्या पत्नीचें अर्धें वस्त्र घेऊन तिला टाकून जाणारा तो जुगारी कोठें आहे? अयोध्येंतील एका सारथ्याचें उत्तर येतें, तिला संशय येतो, आणि उद्यांच दुसरें स्वयंवर आहे असा निरोप ती ऋतुपर्णाकडे धाडते. एका दिवसांत इतका पल्ला गांठणारा सारथी नळावांचून दुसरा नाहीं, हें तिला ठाऊक असतें.

तो येतो. तरीहि ती धांवत जाऊन त्याच्या गळ्यांत पडत नाहीं. दासीला पाठवून ती त्याची पारख करते, त्यानें शिजविलेल्या अन्नाची चव पाहते, दोन्ही मुलांना त्याच्यापुढें धाडते. मुलांना पाहून बाहुकाच्या डोळ्यांना धारा लागतात. मग ती त्याला समोर बोलाविते आणि तोच प्रश्न त्याच्या तोंडावर विचारते.

या प्रश्नांत अशा सर्व कथांचें मर्म आहे. दुरावलेलीं दोन माणसें पुन्हां एकत्र येतात अशा कादंबऱ्या, चित्रपट आणि मालिका आजहि आवडीनें वाचल्या व पाहिल्या जातात. सामान्य समजूत अशी कीं, गेलेलें परत मिळतें म्हणून वाचक सुखावतो. विचारांतीं हें खरें ठरत नाहीं. नळाला राज्य मिळालें तरी अरण्यांतील ती रात्र पुसली जात नाहीं. मुलें बापावांचून राहिलीं तो काळहि भरून येत नाहीं. वाचकाचें मन निवतें तें निराळ्या कारणानें. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचें गाऱ्हाणें, ज्यानें ऐकायला हवें होतें त्यानेंच अखेर ऐकून घेतलें, हें तें कारण होय. प्रत्यक्ष संसारांत ही वेळ फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांचें उत्तर अडलेलेंच राहतें. कोणी दूर देशीं जातो, कोणी मरून जातो, कोणी जवळ असूनहि ऐकत नाहीं.

परदेशींहि याची साक्ष मिळते. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची ‘पर्स्वेजन’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ सालाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तींतील ॲन एलियट ही तरुणी आप्तांच्या सल्ल्याला मान देऊन वेंटवर्थ या नाविक अधिकाऱ्याशीं ठरलेला विवाह मोडते, आणि सुमारें आठ वर्षांनीं तोच पुन्हां तिच्यासमोर येऊन उभा राहतो. लेखिका मधल्या वर्षांना सवलत देत नाहीं. ॲनचें रूप कोमेजलेलें आहे, वेंटवर्थच्या मनांत अढी आहे. ती अढी हळूहळू सुटते म्हणूनच शेवट गोड लागतो.

महाराष्ट्रांत मात्र या विषयाला एक निराळें दुःख चिकटलेलें होतें. येथें दुसरी संधि पुरुषाला न मागतां मिळे आणि स्त्रीला मागूनहि मिळत नसे. ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांत १८५६ सालीं विधवाविवाहाला कायद्याची संमति मिळाली; परंतु उच्चवर्णीयांच्या घरांत ती कागदावरच राहिली. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरींतील यमू विधवा होते, तिचें केशवपन होतें, आणि तिच्या आयुष्याची कथा तेथेंच संपल्यासारखी होते. उलट गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ च्या ‘शारदा’ नाटकांत जख्ख म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशीं लग्न लावायला निघतो. प्रेक्षक त्याला हंसले. पण असे भुजंगनाथ समाजांत होते म्हणूनच त्या हंसण्याला धार होती.

१८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्यांत शारदा सदनांतील गोदूबाई या बालविधवेशीं विवाह केला. कर्वे स्वतः विधुर होते. म्हणजे तें दोघांचेंहि दुसरें लग्न. परंतु गांवचा रोष ओढवला तो वधू विधवा होती एवढ्यासाठीं. कर्व्यांनीं एखादी कुमारिका वरली असती तर मुरुडच्या लोकांना बहिष्कार घालण्याचें कारणच उरलें नसतें. मराठवाड्यांतील अनेक शेतकरी व बलुतेदार घरांतून पाट लावण्याची चाल होती, आणि त्या बाबतींत तीं घरें शहाणीं म्हटलीं पाहिजेत. तरी पाट लागे तो गाजावाजा न करतां, बहुधा रात्रीच्या वेळीं. दुसरी संधि मिळे, पण तिला पहिलीचा मान नसे.

अशा समाजांत एखादी स्त्री दुसऱ्या मीलनाची कथा वाचून डोळे पुशीत असेल, तर तिला भाबडी म्हणणें अन्यायाचें आहे. तिला व्यवहारांत जें नाकारलें गेलें तें ती पुस्तकांत पाहत होती. १९३४ सालीं विभावरी शिरूरकर या नांवानें मालतीबाई बेडेकरांनीं ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी लिहिली. पतीनें टाकलेल्या स्त्रीलाहि पुन्हां प्रेम करावेंसें वाटतें, एवढें साधें सत्य तींत होतें; आणि तें साधें सत्य त्या काळीं फार धीट ठरलें. घटस्फोटाचा आणि त्यानंतर पुन्हां विवाह करण्याचा हक्क देशांतील हिंदु स्त्रियांना मिळाला तो १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें.

आतां या कथांची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं मराठी रंगभूमीवर आणलेलें ‘शाकुंतल’ सर्वांच्या परिचयाचें आहे. कालिदासाचा दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाहीं तो दुर्वासाच्या शापामुळें. मूळ महाभारतांत हा शाप नाहीं. तेथें राजा जाणूनबुजून तिला नाकारतो, आणि शकुंतला भरसभेंत त्याला खडे बोल सुनावते. शापामुळें नायकाचा अपराध हलका झाला आणि प्रेक्षकांना त्याला क्षमा करणें सोपें गेलें. तरीहि कालिदासानें शेवटीं राजाला शकुंतलेच्या पायांवर घातलें, हें विसरूं नये. पुढील कित्येक लेखकांनीं शाप तेवढा उचलला आणि पायांवर पडणें गाळलें. त्यांच्या कथांतील नायक परत येतो, दोन अश्रू ढाळतो, आणि नायिका एका ओळींत सर्व विसरते. अशी कथा गोड असते, पण ती खोटी असते.

या खोटेपणाची किंमत पुस्तकाबाहेर द्यावी लागते. भोकर असो वा पुणें, सासरहून परत आलेली लेक माहेरच्या ओसरीवर बसलेली असते आणि वडीलधारी मंडळी तिला सांगतात, “झालें गेलें विसर, बाई, आणि नांदायला जा.” त्यांचा हेतु वाईट असतोच असें नाहीं. तिचा संसार पुन्हां जुळावा अशीच त्यांची तळमळ असते. दाखल्याला सीता, दमयंती यांचीं नांवेंहि घेतलीं जातात. पण दमयंतीचा दाखला द्यायचा तर तो पुरा द्यावा. तिच्या पित्यानें तिला घाईनें कोणाच्या स्वाधीन केलें नाहीं. नळाचा शोध, त्याची परीक्षा आणि अखेरचा प्रश्न हें सारें तिच्या इच्छेनें, आईबापांच्या संमतीनें, त्यांच्याच घरांत झालें. आणि नळाची खात्री पटली नसती तर त्याला नाहीं म्हणण्याइतकी जागा तिच्या पायांखालीं होती.

दुसऱ्या संधीचें मोल त्या जागेंत आहे. जिला नकार देतां येत नाहीं तिच्या होकाराला क्षमा म्हणतां येत नाहीं. ओसरीवर बसलेल्या लेकीला परत पाठविण्यापूर्वीं घरच्यांनीं तिला एवढेंच विचारावें कीं, तुझा प्रश्न त्याला विचारून झाला का, आणि त्यानें काय उत्तर दिलें. तें उत्तर येईपर्यंत तिला माहेरच्या ओसरीवर बसूं द्यावें.