कचारगडची वाट आणि गिअरबॉक्सचें तेल

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगरांत कचारगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेला तेथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. कोणी रेल्वेनें दरेकशास उतरतात, कोणी मोटारी घेऊन येतात. यात्रेचें वर्णन अधिकारी माणसांनीं करावें. मला बोलावयाचें आहे तें अशा वाटेनें जाणाऱ्या ऑटोमॅटिक मोटारीविषयीं, आणि त्यांतहि तिच्या पोटाखालच्या दोन बारीक नळ्यांविषयीं.

क्लच-पॅडल नसलेल्या सगळ्याच मोटारी एका जातीच्या नव्हेत. आपल्याकडील पुष्कळ स्वस्त गाड्यांत गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबण्याचें व गिअर बदलण्याचें काम तेवढें यंत्र करतें. त्यांत या नळ्या नसतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडींत मात्र एंजिनाची शक्ति तेलांतून चाकांकडे जाते. एक चक्र तेल भिरकावतें, त्या माऱ्यानें दुसरें फिरतें. दोहोंच्या वेगांत तफावत पडली कीं शक्ति वाया जाऊन तेल तापतें. भरधाव गाडींत ही तफावत नांवाचीच. गर्दींत, चढावर, बैलाच्या चालीनें जातांना ती फार, आणि वाराहि लागत नाहीं. गाडी हळू चालली म्हणजे तिला विसावा मिळतो, ही घरोघरची समजूत येथें उलटी पडते.

हें तापलेलें तेल एका नळीनें रेडिएटरपाशीं असलेल्या कूलरकडे जातें व निवून दुसरीनें परतते. (कांहीं गाड्यांत कूलर गिअरबॉक्सलाच चिकटलेला असतो, त्यांना हा लांबचा प्रवास नाहीं.) नळी बदलण्याची वेळ आली कीं कारागीर जवळची वाट शोधतो, आणि घोटाळा तेथेंच होतो. जवळची वाट बहुधा सायलेन्सरच्या नळावरून जाते! तेथें गळलेलें तेल पेट घेऊं शकतें. भोंवतीं वाळलेल्या पाल्याचें जंगल असेल तर पुढचें सांगावयास नको. नळी पत्र्याच्या धारेवर घासतां कामा नये, आणि दगड लागेल इतकी खालीं लोंबूं नये. एंजिन रबराच्या बैठकींवर हलतें, म्हणून मधल्या रबरी तुकड्याला थोडी ढील हवी. वळण मात्र इतकें आवळूं नये कीं नळी चेपून तेल अडेल. पाण्याचा साधा रबरी पाइप तर मुळींच चालत नाहीं. गरम तेलानें तो फुगून मऊ पडतो. प्लॅस्टिकच्या पट्टीनें नळी कोठेंतरी बांधून टाकणें याला मी दुरुस्ती म्हणत नाहीं. रबराचें अस्तर असलेल्या क्लिपा ठिकठिकाणीं हव्यात.

यात्रेच्या रांगेंत फार वेळ थांबावें लागलें तर हातब्रेक लावून गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा. पंप चालू राहून तेल फिरतें आणि कन्व्हर्टरमधील रगड थांबते. जळका वास आला, किंवा एंजिन ओरडतें पण गाडी ओढत नाहीं असें वाटलें, तर तसेंच पुढें रेटूं नये. तेल संपलें कीं गिअरबॉक्स जाण्यास वेळ लागत नाहीं. गाडी दुसऱ्या वाहनानें न्यावयाची झाल्यास एंजिनाची ओढ मिळणारीं चाकें उचलूनच न्यावी. एंजिन बंद असतां पंपहि बंद असतो, आणि कोरडा गिअरबॉक्स तेवढ्याच प्रवासांत निकामी होतो.