सहा आठवड्यांची उमेदवारी



मी डॉक्टर नव्हे. रुग्णालयांतील आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांची संघटना बांधण्यात माझी उमर गेली. तेव्हा आजचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु डॉक्टरीचे शिक्षण पुस्तकांइतकेच उमेदवारीचेही असते, आणि उमेदवारी हा आम्हा कामगारांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

वैद्यकीचा विद्यार्थी सर्जन का होतो, किंवा का होत नाही? प्रवेशपरीक्षेतील क्रमांक, पैसा, घरची परिस्थिती ही कारणे खरीच आहेत. पण मनाचा कौल बराचसा त्याआधी वॉर्डात लागतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे एम.बी.बी.एस.ची परीक्षा झाल्यावर १२ महिने निरनिराळ्या विभागांतून काम करावे लागते. त्यांत सामान्य शस्त्रक्रियेच्या वाट्याला ६ आठवडे येतात.

या सहा आठवड्यांत एखाद्याला वरिष्ठ जवळ उभा करतात, जखमेची कड धरावयास देतात, गाठ मारावयास शिकवतात. पहिला टाका नीट बसला की त्या पोराला आपल्या हातांची ओळख पटते. दुसरा मात्र तेवढे दिवस रक्ताचे नमुने पोचवतो, अर्ज भरतो, रक्तपेढीकडे धावतो. त्याची समजूत होते की सर्जरी म्हणजे हेलपाटे. मुलीला तर वर ऐकावे लागते की हे बाईमाणसाचे काम नव्हे. दोघांच्या बुद्धीत फरक नसतो. फरक असतो तो उमेदवारीत.

हे हेलपाटे त्याच्या वाट्याला का येतात? पुष्कळदा वॉर्डबॉयची जागा रिकामी ठेवलेली असते म्हणून. हिशेबात एक पगार वाचतो आणि देशाचा एक सर्जन हुकतो. आम्ही रिकाम्या जागा भरा म्हणतो, तेव्हा लोकांना ती केवळ आमच्या पोटाची मागणी वाटते. ती विद्यार्थ्याच्या शिक्षणाचीही मागणी आहे.

दुसरी गोष्ट तासांची. नवखा विद्यार्थी आपल्या पुढच्या रेसिडेंट डॉक्टरकडे पाहत असतो, आणि त्या तारवटलेल्या डोळ्यांत त्याला स्वतःचे भविष्य दिसते. रेसिडेंट म्हणजे रुग्णालयातच राहणारा. सर्जन घडविण्याची ही पद्धत अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९ नंतर घालून दिली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या पत्रात सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. कागद आहे, अंमल नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. आज कित्येक शिकाऊ डॉक्टरांना आठवड्याची सुट्टी हक्काने मागता येत नाही!

ज्येष्ठ सर्जन म्हणतात, हात कष्टांनीच बनतो. मला हे मान्य आहे. पण बाटल्या आणण्यात गेलेल्या तासाने हात बनत नाही, आणि झोपेने जड झालेला हात रोग्याच्या हिताचा नाही.

यांत तुमचाआमचा संबंध काय? केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामूहिक आरोग्य केंद्रांना लागणाऱ्या सर्जनांपैकी शेकडा सुमारे ८३ कमी होते. याची कारणे अनेक आहेत, आणि सगळा दोष उमेदवारीचा नाही. पण जी वाट पोरांना सुरुवातीलाच नकोशी होते, तिच्या टोकाला आपल्या गावचे टेबल रिकामे राहणारच.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने ३ महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, असा नियम आता झाला आहे. तो चांगला आहे. मात्र तेथे शिकवणारा माणूस हवा, नाहीतर ती केवळ फुकटची हमाली होईल. म्हणून नागरिकांनी आपल्या रुग्णालयाला तीन प्रश्न विचारावेत. कामगारांच्या किती जागा रिकाम्या आहेत? शिकाऊ डॉक्टर सलग किती तास जागे असतात? आणि सहा आठवड्यांत त्यांनी स्वतःच्या हातांनी काय केले? हे विचारण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. ज्याला कधी तरी त्या टेबलावर झोपावे लागेल, त्या प्रत्येकाचा तो हक्क आहे.